उकडलेला दिवाळसण

माझ्यासमोर चांदीचं ताट होतं, ताटाभोवती रांगोळी होती, शेजारी समई तेवत होती, आणि ताटात उकडलेलं रताळं होतं.

तसं ते एकटं नव्हतं. सोबतीला वाफवलेली मटकी होती, काकडीचे काप होते, दोन खजूर होते आणि एका वाटीत मीठ होतं. सुटं मीठ. नरक चतुर्दशीची पहाट, अंगाला अजून उटण्याचा वास, बाहेर गल्लीतली पोरं फटाके उडवताहेत, आणि मी, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासुरवाडीला आलेला जावई, त्या रताळ्याकडे बघत होतो. रताळंही माझ्याकडे बघत होतं म्हणायला हरकत नाही, कारण त्याला दोन ठिकाणी डोळे आले होते.

“घ्या जावईबापू, करा सुरुवात,” मामा म्हणाले.

मामा म्हणजे माझे सासरे, दिगंबर गव्हाणे. बार्शीच्या एका शाळेत उभा जन्म चित्रकला शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते.

“बाकीचं येतंय का मागून?” मी शक्य तितक्या खेळकरपणे विचारलं.

“बाकीचं म्हणजे?”

“म्हणजे… फराळ.”

“हाच फराळ!” मामांनी मांडीवर थाप मारली. “यंदापासून गव्हाण्यांच्या घरात तळण बंद. साखर बंद. जावईबापू, अनारसा म्हणजे काय असतं माहीत आहे? साजूक तुपात तळलेला हृदयविकार! आणि चकली? ही बघा.”

त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेला तक्ता होता. त्यात एका गुलाबी हृदयाला चकलीने अजगरासारखा वेढा घातला होता. चकलीला जीभ होती. शेजारच्या तक्त्यात एक करंजी कुणाच्या तरी छातीवर बसली होती. चित्रं चांगली होती, तेच वाईट होतं. नजर हटत नव्हती.

“आणि मीठ ज्याने त्याने आपापल्या तब्येतीप्रमाणे घ्यायचं,” मामा म्हणाले. “खर्च वाचतो, प्रकृती सुधारते. पैसे देऊन दुखणं विकत का घ्यायचं?” एवढं बोलून त्यांनी माझ्या आधी स्वतःच्या पानातली मटकी चिमटीत धरून तोंडात टाकली, दोनदा चावली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून मान हलवली. पाहुण्याच्या आधी स्वतः खायचं, हे मला जरा विचित्रच वाटलं. दारात माझ्या सासूबाई उभ्या होत्या. मान हलली तशा त्या आत गेल्या.

आता या सासूबाईंबद्दल सांगितलंच पाहिजे, नाहीतर माझं दुःख तुम्हाला कळायचं नाही. कुमुदमामींच्या हाताची ख्याती बार्शीत एवढी होती, की लग्नघरी आचारी आमटीला फोडणी देण्याआधी त्यांना बोलावणं जायचं. आम्ही मुलगी बघायला आलो तेव्हा वृषाली बाहेर यायच्या आधी पोहे आले होते. खरं सांगायचं तर मी आधी पोह्यांना होकार दिला, मग मुलीला. माझ्या वडिलांनी तिसऱ्यांदा बशी पुढे केली आणि त्या दिवशी आई चिंचवडला घरी पोहोचेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. आमच्या आईच्या स्वयंपाकाला पोट भरणं एवढाच हेतू असायचा. विहीणबाईंच्या सुगरणपणाचा डंका ती तेव्हापासून ऐकत होती, आणि कुठेतरी काहीतरी बिघडलेलं सापडेल या आशेवर होती.

तर अशा घरी मी आदल्या दिवसापासून पोट रिकामं ठेवून आलो होतो. पँटचा पट्टा एक भोक सैल करून ठेवला होता.

रताळं खाल्लं. करतो काय!

दुपारी ज्वारीची भाकरी, उकडलेला दुधी आणि बिनफोडणीचं वरण. रात्री बिनफोडणीचं वरण, उकडलेला भोपळा आणि ज्वारीची भाकरी. प्रत्येक वेळी मामा आधी चाखणार, दाराकडे मान हलवणार, मग माझ्या पानात वाढलं जाणार. मामी जेमतेम दोन शब्द बोलायच्या आणि आत जायच्या. चेहरा पडलेला. मला वाटलं, नवऱ्याच्या या खुळापुढे बिचारीचं काही चालत नसावं.

वृषालीला मी खोलीत गाठलं.

“हे काय चाललंय तुमच्या घरात?”

“मला काय विचारताय! मीसुद्धा तुमच्याबरोबरच आले ना!” ती आधीच रडकुंडीला आली होती. “अण्णांना विचारलं तर म्हणतात, तब्येत. आईला विचारलं तर म्हणते, अण्णांना विचार. मला इतकी लाज वाटतेय…”

“तुझ्या अण्णांना माझा कसला राग आहे का? लग्नात आमचे काका जिलबीवरून काही बोलले होते, त्याचा?”

“काहीतरीच काय!”

पण माझ्या डोक्यात ते बसलं. त्यात संध्याकाळी आईचा फोन आला. तेव्हा घरोघरी मोबाइल नव्हते. मामांच्या बैठकीत लाल फोन होता आणि फोनशेजारच्या खुर्चीत कायम मामा.

“काय काय केलंय रे विहीणबाईंनी?” आईने विचारलं. “सगळं लक्षात ठेवून ये हो. आणि डबा देतील तो नीट आण. तुझ्या मावश्या यायच्यात भाऊबीजेला, सगळ्यांना बघायचाय.”

मी मामांकडे बघितलं. मामा वर्तमानपत्रात डोकं घालून ऐकत होते.

“पुष्कळ केलंय,” मी म्हणालो.

“पुष्कळ म्हणजे काय काय?”

“म्हणजे… ताट भरलेलं असतं, आई.”

ते खोटं नव्हतं. काकडीने ताट पटकन भरतं.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. सकाळी पुन्हा मटकी. आज तिला मोड जास्त लांब आले होते, एवढाच काय तो सणाचा थाट. अकराच्या सुमारास वृषाली मैत्रिणीकडे गेली, मामा ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून बाहेर पडले आणि थोड्या वेळाने मीही निघालो. पाय मोकळे करायला नाही. मला तळलेलं काहीही हवं होतं. लाकूड तळून दिलं असतं तरी चाललं असतं.

बसस्टँडच्या कोपऱ्यावर भज्यांचा गाडा होता. वास घेत घेत जवळ गेलो तर गाड्याला टेकून, माझ्याकडे पाठ करून, धोतराचा सोगा सावरत एक गृहस्थ खेकडा भजी खात होते. बरोबर तळलेली मिरची.

“मामा?”

मामा वळले. तोंड भरलेलं. डोळ्यांत मिरचीचं पाणी. त्यांनी घास गिळायचा प्रयत्न केला, तो जाईना. शेवटी कसंबसं म्हणाले, “जावईबापू… शत्रू कसा आहे ते… अधूनमधून बघावं लागतं.”

मी तिथूनच माघारी फिरलो. भजी घ्यायचंही सुचलं नाही, इतका संतापलो होतो. म्हणजे तब्येत वगैरे सब झूठ! हे स्वतः भजी हाणणार आणि जावयाला रताळं. आता खात्रीच पटली की हा ठरवून केलेला अपमान आहे. आणि दुसरी खात्री अशी की ज्या घरचा मालक चोरून तळण खातो, त्या घरात चोरून ठेवलेलं तळण असणारच. फराळाचे डबे भरलेले असणार. फक्त माझ्यापासून लपवलेले असणार.

घरी आलो तर ओसरीवर कुणी नव्हतं. मागच्या अंगणातून धुण्याचा आवाज येत होता, म्हणजे मामी तिकडे. मी सरळ स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीच्या खोलीत शिरलो आणि तिथलं स्टूल ओढून त्यावर चढलो. वरच्या फळीवर पितळी डबे ओळीने मांडलेले. पहिला उघडला. रिकामा. दुसरा. रिकामा. तिसऱ्यात ज्वारीच्या लाह्या. चौथ्यात नाचणीचं पीठ. माझी, म्हणजे एका नामांकित कारखान्यात माल तपासणाऱ्या, पास-नापासचे शिक्के मारणाऱ्या माणसाची, अशी ही डबेचोराची अवस्था झाली होती. पाचव्या डब्याचं झाकण काढत होतो तेव्हा नाकाला काहीतरी जाणवलं.

आधी करपल्याचा वास. दूध करपल्याचा. आणि त्याच्याखाली दुसरा, तो घाण, डोक्यात जाणारा.

गॅस.

मी स्टुलावरून वळून बघितलं. कोठीच्या दारातून शेगडी दिसत होती. नैवेद्याच्या खिरीचं दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलं होतं, जाळ विझला होता. मांजर येतं म्हणून खिडकी गच्च बंद. आणि अंगणातून आत आलेल्या मामी पदराला हात पुसत अगदी शांतपणे शेगडीसमोर उभ्या होत्या. जाळ विझलेला बघून त्यांनी लायटर उचलला.

“मामी!”

मी असा ओरडलो की माझ्या हातातला डबा सुटला. डबा खाली, डब्यामागून मी. गुडघा फुटला, पण उठलो आणि दोन ढांगांत जाऊन त्यांच्या हातातला लायटर हिसकावून सरळ मागच्या दारातून अंगणात भिरकावला. शेगडीचं बटण बंद केलं, सिलिंडरचं बंद केलं, खिडकी ढकलून उघडली. मामींना दंडाला धरून अंगणात आणलं. सासूच्या दंडाला धरायची ही काय पद्धत, हा विचार नंतर आला.

“काय झालं?” त्या घाबरून माझ्या रक्त आलेल्या गुडघ्याकडे बघत होत्या. “पडलात कसे तुम्ही?”

“अहो, गॅस! अख्खं घर भरलंय गॅसने! वास येत नाही का तुम्हाला?”

त्या हळूच धुण्याच्या दगडावर बसल्या. मग म्हणाल्या, “नाही.”

“काय नाही?”

“येत नाही वास. कसलाच येत नाही.”

मला वाटलं, घाबरून काहीतरी बोलताहेत. पण त्या शांतपणे सांगत गेल्या. श्रावणात ताप आला होता. ताप गेला तो जाताना वास घेऊन गेला, आणि वासामागून चवही. तिखट झोंबतं तेवढं कळतं. बाकी काहीही तोंडात घातलं तरी ओला कागद चावल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, कदाचित नाही येणार.

“गौरी जेवायला होत्या,” मामी म्हणाल्या. “वृषाली तुमच्याकडे होती, बाकी घरचे सगळे होते. आमटीत दोनदा मीठ पडलं माझ्या हातून. मला कळलंच नाही. कुणी काही बोललं नाही हो. पण सगळ्यांच्या वाट्या भरलेल्या तशाच राहिल्या. माझ्या आयुष्यात माझ्या आमटीची वाटी तशी परत आली नव्हती.”

त्यांनी पदराने तोंड पुसलं. रडल्या नाहीत. मी मात्र गुडघा धरून उभा होतो तो तिथेच त्यांच्यासमोर फरशीवर बसलो.

“मग दिवाळी आली. जावयाची पहिली दिवाळी. तुमच्या आई किती आशेने बघत असतील, काय काय येतं डब्यातून. मी ह्यांना म्हटलं, नका बोलावू त्यांना, काहीतरी कारण सांगा. तर हे म्हणाले, वेडी आहेस का, पोरीचा पहिला सण. आणि मग ह्यांनीच ते उकडायचं काढलं. म्हणाले, उकडलेल्यात बिघडायला असतं काय? मीठ वाटीत ठेवू. मी आधी चाखून तुला खूण करीन. लोक म्हणतील, दिगंबर गव्हाणे रिटायर झाला आणि त्याच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणू देत. तुझ्या हाताला कुणी काही म्हणणार नाही.”

तेवढ्यात मामाच मागच्या दाराने आले. हातात तेलकट कागदाचा पुडा. मला लाच द्यायला आणला असणार. अंगणात पडलेला लायटर, सताड उघडी खिडकी, दगडावर बसलेली बायको आणि फरशीवर बसलेला जावई हे सगळं त्यांनी एका नजरेत बघितलं.

“सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“हो,” मामी म्हणाल्या. “जावईबापू नसते तर आज घर उडालं असतं.”

मामा मटकन खाली बसले.   मीच त्यांच्या हातातला पुडा घेतला, उघडला आणि खायला लागलो. चार भजी खाल्ल्यावर माणसाला बोलता येतं.

“मामा,” मी म्हणालो, “चकलीचं चित्र मात्र फार वाईट काढलंय तुम्ही. स्वप्नात येतं.”

मामी हसल्या. मी आल्यापासून पहिल्यांदा.

वृषाली परतली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग आईला बिलगली, मग अण्णांवर अशी काही कडाडली की शेजारी डोकावून गेले. ‘मी काय परकी झाले का लगेच?’ हे तिचं पालुपद. मामा खाली मान घालून ऐकत होते. मग पूजेच्या तबकात हळद-कुंकू भरायच्या निमित्ताने ती उठली आणि प्रकरण मिटलं.

“मामी,” मी म्हणालो, “डबा न्यायचाय मला. आई वाट बघतेय.”

“काय देणार मी डब्यात?”

“जे तुम्ही कराल ते. चव मी बघतो. माझं कामच आहे ते. कारखान्यात दिवसभर हेच करतो.”

“तळणीला तेल नाही घरात,” मामा चाचरत म्हणाले. नाटकात त्यांनी कसूर ठेवली नव्हती. चिवड्याच्या फोडणीपुरतं तेवढं बाटलीच्या तळाशी निघालं.

“नको तळण,” मामी उठल्या. “लाह्या आहेत, शेंगदाणे आहेत, नाचणी आहे, गूळ आहे.”

दुपारभर आम्ही स्वयंपाकघरात होतो. शेगडी मी पेटवायची, बंद मी करायची, एवढी अट मी घातली. बाकी सगळं त्यांचं. मला वाटलं होतं मी शिकवणार आणि त्या ऐकणार. झालं उलटंच. शेंगदाणे त्यांनी कानाने भाजले, तडतड मंदावली की उतरवायचे. कढीपत्ता बोटांनी चुरून बघितला. नाचणीचं पीठ परतताना मात्र थांबल्या.

“वास कसा येतोय?”

“खमंग.”

“खमंग म्हणजे? कच्चा खमंग की पोचलेला खमंग?”

या प्रश्नाचं उत्तर आमच्या कारखान्यातल्या कुठल्याही मापात बसत नव्हतं. मी पुन्हा नाक कढईवर नेलं. “आत्ता पावसाळ्यातल्या मातीसारखा येतोय. दमट.”

“मग अजून पोचला नाही. हलवत राहते. बदलला की सांगा.”

मी कढईवर वाकून राहिलो. आणि खरंच, थोड्या वेळाने तो वास बदलला. भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा, गोडूस. मी ओरडलोच, “आला!” मामींनी लगेच कढई उतरवली.

चिवड्याच्या मिठावरून माझी आणि मामांची जुंपली. ते म्हणत बरोबर आहे, मी म्हणे अळणी आहे.

“तुमची जीभ भज्यांनी बधिर झालीये,” मी म्हणालो.

“आणि तुमची चिंचवडच्या पाण्याने!”

“दोघं गप्प बसा,” मामी म्हणाल्या. “जावईबापू, खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. नाहीतर पुन्हा शेगडीजवळ उभं करणार नाही.”

“खरंच अळणी आहे, मामी.”

त्यांनी चिमूटभर मीठ घातलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “श्रावणापासून मला कुणी ‘अळणी आहे’ म्हटलं नव्हतं. सगळे ‘छान छान’ म्हणतात आणि पान सारून उठतात.”

भाऊबीजेला चिंचवडला डबा उघडला. मावश्या गोल करून बसल्या होत्या. लाह्यांचा चिवडा आणि नाचणीचे लाडू बघून आईच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी तिच्या साठीलाही बघितलं नाही.

“बाई बाई! दिवाळसणाला लाह्या?” ती मावश्यांकडे बघत म्हणाली.

“त्यांच्याकडे आता असंच खातात,” मी म्हणालो. “तळलेलं बंद. मीसुद्धा बंद करणार आहे.”

“तू?”

“हो. तब्येतीचं बघायला नको? अनारसा म्हणजे साजूक तुपात तळलेला हृदयविकार आहे.”

त्या दिवसापासून मावश्यांमध्ये माझं नाव ‘सासऱ्याचा चेला’ पडलं, ते आजतागायत. वृषालीने तेवढ्यात सगळ्यांना वाट्यांमधून चिवडा दिला. वाट्या रिकाम्या परत आल्या. धाकट्या मावशीने लाडू पर्समध्ये टाकले ते मी बघितलं, पण बोललो नाही.

पुढच्या वर्षभरात गंमत अशी झाली की मामांना त्यांचंच नाटक पटलं. ते वजनाने उतरले, सकाळी उठून खरोखर फिरायला जाऊ लागले, आणि लोकांना पकडून दुधीचे फायदे सांगू लागले. आमच्या घरीही दिवाळीत चिवडा लाह्यांचाच होतो. सोपा, स्वस्त, आणि फडशा पाडला तरी पोट बोलत नाही.

मामींची चव पुरती कधीच परतली नाही. पण पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी फोन वाजला. पलीकडून मामी, धापा टाकत.

“जावईबापू! आला!”

“काय आलं?”

“वास! आत्ता आला! धुणं भिजवायला गेले आणि आला!”

“कसला?”

“ह्यांच्या मोज्यांचा! अहो, इतका घाण, इतका घाण…” त्या पुढे बोलू शकल्या नाहीत. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही.

मागून मामांचा आवाज आला, “खोटं! मी रोज धुतो!”

त्या आठवड्यात वृषाली बार्शीला जाऊन आली. तिने सांगितलं, अण्णा मोज्यांचा तो एकच जोड कुणाला धुवू देत नाहीत. रोज सकाळी चहाच्या आधी हातात घेऊन आईसमोर उभे राहतात आणि विचारतात, “आज येतोय का?”